वहीचं पान भिजत घाला

ताई, नमस्कार.

मी पुण्यात राहते. मुलगा साडेपाच वर्षांचा, सीनियर केजीत आहे. मुलगी तिसरीत. मागच्या सत्रात मुलाच्या शाळेतून निरोप आला, 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' प्रोजेक्ट करून पाठवा. मी ऑफिसमधून येऊन रात्री अकरापर्यंत बसून बाटलीचा पेंग्विन केला. त्यासाठी कापूस, थर्माकोलचे गोळे, चमकी, सोनेरी रंग, ग्लू गनच्या कांड्या असं जवळजवळ तीनशे रुपयांचं सामान विकत आणलं. घरात रिकामी बाटली नव्हती, म्हणून उरलेलं कोल्ड्रिंक बेसिनमध्ये ओतलं. मुलगा तोवर झोपूनही गेला होता.

पंधरा दिवसांनी त्याला आणायला गेले तर फाटकाशी कचऱ्याचं पोतं होतं आणि त्यातून पेंग्विनचं डोकं दिसत होतं. त्यानंच ओळखलं. मला म्हणाला, "आई, आपण तो कचऱ्यातून केला होता ना? मग परत कचऱ्यात का?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तो घरातलं काहीच टाकू देत नाही. पलंगाखाली रिकामी खोकी, झाकणं, चॉकलेटचे कागद साठलेत. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कचरा असा नव्हताच. आता दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा तसाच प्रोजेक्ट आहे. त्याला खरंच काही कळेल असं काय करून घेऊ?

– एक आई, पुणे



प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी सव्वीस वर्षं बालवाडीत होते आणि असे पेंग्विन, असे हत्ती, आइस्क्रीमच्या काड्यांची अशी घरं मी स्वतः प्रदर्शनाच्या टेबलावर मांडली आहेत. प्रदर्शन संपल्यावर त्यांचं पुढे काय होतं तेही मला माहीत आहे. म्हणून तुमच्या मुलाचा प्रश्न मला फार आतवर लागला. तो बरोबर विचारतोय, आणि त्याला खरं उत्तर मिळायला हवं.

खरं उत्तर असं की ती बाटली पेंग्विन होण्याआधी कचरा नव्हतीच. रिकामी, कोरडी, पारदर्शक बाटली भंगारवाला किलोवर विकत घेतो. अशा बाटल्यांचा पुढे चुरा होतो, तो वितळवून त्याचा धागा काढतात आणि तो धागा कपड्यांत किंवा उशीच्या भरावात जातो. पण तिला कापूस चिकटवला, सोनेरी रंग दिला, वर चमकी लावली की तिला कुणीच घेत नाही. रंग निघत नाही, गोंद सुटत नाही, आणि चमकी तर स्वतःच प्लास्टिकचे बारीक कण असते. म्हणजे ज्या वस्तूला पुढचा जन्म होता तिचा आपण कचरा केला. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. रात्री अकरापर्यंत जागून तुम्ही ते लेकरासाठी केलंत. पण 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाखाली शाळाशाळांतून जे चालतं त्यातलं पुष्कळसं टिकाऊ नसतं, हे आपण एकमेकींना स्पष्ट सांगायला हवं.

पेनस्टँड करू नका असं मी म्हणत नाही. डब्यात पेनं ठेवली, ती दोन वर्षं राहिली, तर उत्तमच. तो झाला पुन्हा वापर. जुनी वस्तू मोडून तिच्यातून नवी करायची ही गोष्ट वेगळी, आणि तुमच्या मुलाला नेमकी हीच कळलेली नाही, कारण ती त्याने कधी पाहिलेली नाही. पुनर्चक्रीकरण हा शब्द साडेपाच वर्षांच्या मुलापुढे काढूही नका. त्यासाठी आपल्याकडे फार जुना आणि सोपा शब्द आहे: मोड. तुमच्या सासूबाईंना विचारा. पितळेचं फुटकं पातेलं, चेपलेला तांब्या 'मोडीत घालायचा', त्याचं वजन व्हायचं आणि तेवढे पैसे वळते करून नवं भांडं घरी यायचं. जुनं भांडं भट्टीत वितळायचं, त्याचं पुन्हा भांडं व्हायचं. आजीनं नातवाला शेजारी बसवून हे एकदा सांगितलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं त्याच्या हातांनी व्हायला हवं. घरच्या घरी पितळ वितळवता येत नाही, प्लास्टिक तर मुळीच वितळवू नये, त्याचा धूर विषारी असतो. पण कागद मोडता येतो. तोही पाण्यात, स्वयंपाकघरात, लहान मुलाच्या हातांनी. म्हणून माझा सल्ला एकच आहे: दिवाळीच्या सुट्टीत मुलाकडून जुन्या वहीचा नवा कागद करून घ्या.

कृती सांगते. शनिवारी रात्री जेवणं झाली की लेकीच्या मागच्या वर्षीच्या वहीतली पंधरा-वीस पानं काढा. वर्तमानपत्रही चालेल, पण त्याचा कागद करडा होतो. वहीचा छान पांढरट येतो. पिना आधी तुम्ही काढून घ्या. गुळगुळीत चकचकीत जाहिराती, प्लास्टिकचा थर असलेली पुठ्ठ्याची कव्हरं, दुकानातली गुळगुळीत बिलं यात घालू नका. एका पानावर मुलाला स्वतःचं नाव लिहायला सांगा, मोठ्या अक्षरात, निळ्या पेनानं. हे विसरू नका, का ते पुढे सांगते. मग दोघं भावंडं बसून पानं फाडू देत, पोस्टाच्या तिकिटाएवढे तुकडे. कात्री नको. हातानं फाडलं की कडेला बारीक लव दिसते, ती त्यांना भिंगातून दाखवा. ते लाकडाचे तंतू. कागद म्हणजे एकमेकांत गुंतलेले तंतू, बाकी काही नाही. तुकडे पातेल्यात घालून वर कोमट पाणी ओता आणि झाकून ठेवा. फाडायला परवानगी आहे, एवढ्यावरच मुलं खूश असतात. माझ्या वर्गात सगळ्यात शांतता या कामाच्या वेळी असायची.

रविवारी सकाळी त्याला पातेल्यात हात घालायला लावा. तुकडे मऊ, फुगलेले असतील. बोटांत चोळले की सुटे होतील. आता हे मिक्सरच्या जुन्या भांड्यात थोडं थोडं घ्या, त्यात तिप्पट पाणी घाला आणि थांबून थांबून फिरवा. हे काम तुमचं. भांडं कधीही गच्च भरू नका, मोटर जळते. पाचेक मिनिटांत ताकासारखा लगदा होतो. तो पसरट घमेल्यात ओतून त्यात आणखी पाणी घाला. जितकं पाणी जास्त तितका कागद पातळ.

आता चाळण लागेल. भरतकामाची लाकडी रिंग घ्या आणि तिच्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवा. ही चाळण तिरपी पाण्यात घालायची, खाली आडवी करायची आणि सरळ वर उचलायची. वर पांढरा, ओला, एकसारखा थर आलेला दिसेल. पहिल्या दोन-तीन वेळा भोकं पडतात, एका बाजूला गोळा होतो. लगदा परत घमेल्यात सोडून द्यायचा आणि पुन्हा उचलायचं. बिघडलेला कागद परत पाण्यात घातला की पुन्हा लगदाच होतो, इथे काही वाया जात नाही. चुकण्याची भीती ज्यांच्या मनात बसलेली असते अशा मुलांना हे काम फार मानवतं, हे मी पाहिलं आहे.

पाणी निथळू द्या. जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर चाळण पालथी घाला, पाठीमागून स्पंजनं दाबून पाणी टिपा आणि हलक्या हातानं रिंग उचला. कागद कापडावर राहील. वर दुसरं कापड, त्यावर पुढचा कागद, असे पाच-सहा थर झाले की वर पाट ठेवा आणि मुलाला पाटावर उभं करा. आजूबाजूला पाणी पसरेल, म्हणून हे मोरीत किंवा गॅलरीत करा. मग एकेक कागद कापडासकट सावलीत वाळत घाला. ऑक्टोबरचं ऊन आहे, संध्याकाळपर्यंत वाळतो. पावसाळ्यात मात्र हा उद्योग करू नका, कागदाला तीन दिवस वास येत राहतो आणि मुलाचा उत्साह संपतो. जरासा दमट असताना वरून कापड टाकून इस्त्री फिरवलीत तर सपाट होईल, पण मला तो वाकडातिकडाच आवडतो.

लगद्यात झेंडूच्या पाकळ्या, कांद्याच्या साली, चिमूटभर हळद घालता येते. सण जवळ आहेत, झेंडू घरात असणारच. पण पहिला घाणा साधाच करा. नाहीतर मुलाचं लक्ष पाकळ्यांत जातं आणि कागदापासून कागद झाला ही गोष्ट मागे पडते. उरलेला लगदा सिंकमध्ये मात्र ओतू नका, पाइप तुंबतो. गाळून, पिळून त्याचे गोळे करून वाळवा, पुढच्या वेळी भिजवून वापरता येतात.

आता नावाचं सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, पाच वर्षांची, फारशी न बोलणारी. तिनं तिच्या पानावर नाव लिहिलं, पान फाडलं, भिजवलं. मिक्सर फिरला तशी ती माझ्या पदराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माझं नाव कुठे गेलं?" मी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कागद वाळले. ती आपला कागद खिडकीशी घेऊन गेली, उजेडासमोर धरून कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग ओरडली. कागदात मोहरीएवढा निळा ठिपका होता. "हा माझा क आहे!" पुढचे आठ दिवस ती तो कागद दप्तरात घालून आणत होती आणि भेटेल त्याला ठिपका दाखवत होती. जुनी वस्तू नाहीशी होत नाही, ती नव्या वस्तूच्या आत असते, हे मी तिला फळ्यावर लिहून कधीच शिकवू शकले नसते. तुमच्या मुलाच्या कागदात असा ठिपका सापडेलच असं नाही, पण त्याला शोधू द्या.

सासूबाईंना या सगळ्यात बाजूला बसवू नका. त्यांना हा लगदा ठाऊक असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे बांबूची सुपं, टोपल्या कागदाच्या लगद्यानं लिंपायची पद्धत होती. भिजवलेला कागद कुटून त्यात मेथीची पूड घालायची, तिनं चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही. उलट्या पातेल्यावर थापून त्याच्या टोपल्याही करायचे. 'आमच्या वेळी कचरा नव्हता' या वाक्यात तक्रार असते तशी माहितीही असते. ती माहिती नातवापर्यंत जाऊ दे. उरलेल्या लगद्याची एक वाटी आजीकडून थापून घ्या, मुलाचा हात तिच्या हाताखाली असू दे.

कागद झाला की घरातला अंड्यांचा ट्रे त्याच्या हातात द्या. अंडी खात नसाल तर वाण्याकडून एक मागून आणा. त्याला विचारा, हा कशाचा? एक कोपरा तोडून पाण्यात टाका. तासाभरात त्याचा लगदा होतो आणि मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण आता ती त्याच्या ओळखीची वस्तू झालेली असते. इथेच त्याला सांगता येतं की कागद दर वेळी मोडला की त्याचे तंतू आखूड होत जातात. साधारण पाच-सात वेळा झालं की ते इतके तोकडे होतात की चांगला कागद धरत नाही, मग असे ट्रे वगैरे होतात. कागदही म्हातारा होतो, असं त्याला सांगा. आणि म्हणून, एका बाजूला लिहिलेल्या पानाची दुसरी बाजू आधी वापरायची, मोडायचं ते त्यानंतर. हा क्रम माझ्या मते कागद बनवण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आता पलंगाखालच्या खजिन्याबद्दल. तो हट्टीपणा करत नाहीये. टाकलेली वस्तू कुठे जाते हे त्याला माहीत नाही, म्हणून त्याला ती सोडवत नाही. तेव्हा रागावून, तो शाळेत असताना खोकी फेकून देऊ नका. एका सुट्टीच्या दिवशी सगळा साठा बाहेर काढा आणि भंगारवाल्याला बोलवा, किंवा मुलाला घेऊन त्याच्या दुकानात जा. कागद, पुठ्ठा, पत्रा, प्लास्टिक असे ढीग मुलानंच करायचे. काट्यावर वजन होताना त्याला जवळ उभं करा, आकडा त्याला वाचू द्या, पैसे त्याच्या हातात पडू देत. आणि मग सगळ्यात मोलाची गोष्ट: भंगारवाला काय परत करतो ते त्याला पाहू द्या. चॉकलेटचे चकचकीत कागद, चिप्सची पाकिटं तो बाजूला सारेल. त्यांत प्लास्टिकच्या थरांना धातूचा पातळ मुलामा असतो, हे थर सुटे करणं अवघड, म्हणून त्यांना भाव नाही. मुलाला कळेल की काही वस्तूंना पुढची वाट आहे आणि काहींना जवळजवळ नाही. ज्यांना नाही त्या कमी आणायच्या. चिप्स बंद करा असं मी म्हणणार नाही, तो साडेपाच वर्षांचा आहे. पण पुढच्या वेळी दुकानात तो पाकीट उलटसुलट करून बघेल.

दुसरी ओळख कचरा न्यायला येणाऱ्या ताईंशी करून द्या. पुण्यात राहता म्हणून सांगते, हे आपल्या शहराचं मोठं काम आहे आणि आपल्याच मुलांना ते माहीत नसतं. १९९३ साली इथल्या कचरावेचक बायांनी एकत्र येऊन 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. त्या उभारणीत डॉ. बाबा आढाव होते. संघटनेच्या नावातच सगळा धडा आहे बघा: कागद, काच, पत्रा. पुढे २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला आणि या बाया दारोदार येऊन ओला-सुका वेगळा गोळा करू लागल्या. तुमच्या दारी 'स्वच्छ'च्या ताई येत असोत की आणखी कुणी, आपण टाकलेल्या पिशवीत हात घालून कागद, काच, पत्रा निवडतात त्या या बाया. दुधाची पिशवी खरकटी, आंबलेली दिली तर तो वास त्यांच्या हाताला लागतो. फुटलेली काच तशीच टाकली तर हात त्यांचा कापतो. हे मुलाला सांगा, आणि फक्त हेच सांगा. या वयाच्या मुलांना प्लास्टिक गिळलेल्या कासवांचे व्हिडिओ दाखवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. त्यानं मुलं घाबरतात आणि रात्री रडतात, करता मात्र काहीच येत नाही. ओळखीच्या मावशींचा हात कापू नये म्हणून काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर 'काच' असं लिहून त्यांच्या हातात वेगळी देणं, हे त्याला करता येतं. लिहायला नुकताच शिकलाय, आनंदानं लिहील.

त्याच्याकडे घरातलं एक काम कायमचं द्या. दुधाची पिशवी. कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, चिकटलेला ठेवायचा, कारण तो बोटाच्या नखाएवढा तुकडा सुटला की कुणाच्याच हाती लागत नाही आणि थेट गटारात किंवा मातीत जातो. कापणं तुमचं. पिशवी भाजी धुतलेल्या पाण्यात विसळून दोरीवर चिमट्यानं अडकवणं त्याचं. दोरी त्याच्या उंचीवर बांधा. दोरीवर सात-आठ पिशव्या वाळताना दिसल्या की आठवडाभर आपण किती दूध प्यायलो हेही त्याला मोजता येईल.

राहिली शाळा. प्रोजेक्ट म्हणून त्यानं केलेला कागद द्या. सोबत एका पिशवीत वहीचे फाडलेले तुकडे, एका बाटलीत लगदा आणि तयार कागद, एवढंच. वर सोनेरी काहीही नको. शेजारी पेंग्विन आणि मोर मांडलेले असतील, त्यापुढे हा कागद फिका दिसेल आणि बक्षीस बहुधा मिळणार नाही. त्याला हे आधीच सांगून ठेवा. बाईंना एक चिठ्ठी लिहा, जमलं तर त्याच कागदावर: हे सगळं त्यानं स्वतः केलं आहे, प्रदर्शन झाल्यावर कृपया परत द्या. बाई वाईट नसतात हो. त्यांच्याकडे चाळीस मुलं आणि वरून आलेलं परिपत्रक असतं. मी त्या जागी होते. एखाद्या आईनं अशी चिठ्ठी मला लिहिली असती तर मी पुढच्या वर्षीचा प्रोजेक्ट नक्की बदलला असता. आणि जमल्यास त्यांना सुचवा की वर्गाची सहल शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत न्या. १९४० पासून तिथे कापडाच्या चिंध्यांपासून हातानं कागद बनतो. फोन करून वेळ ठरवून जावं लागेल. तुम्हीही सुट्टीत दोघा मुलांना घेऊन आधी जाऊन या. घरच्या घमेल्यात जे केलं तेच मोठ्या हौदात मोठी माणसं करताना पाहिली की मुलाची मान कशी ताठ होते, ते तुम्हाला दिसेल.

आणि तो पेंग्विन. त्याच्याबद्दल मुलाशी एकदा बोलाच, टाळू नका. सांगा की आईला तेव्हा माहीत नव्हतं, बाटलीवर रंग आणि गोंद लावला की ती मोडीत जात नाही. आता दोघांनाही माहीत आहे. साडेपाच वर्षांचं मूल हे पटकन समजून घेतं.

मिक्सरचं जुनं भांडं नसेल तर शेजारी विचारा, नवं विकत आणू नका. लगदा रवीनं घुसळूनही होतो, जरा जाडसर राहतो इतकंच. पानं शनिवारी रात्रीच भिजत घाला, रविवारी सकाळी घाई होत नाही.

तुमची,
ताई